इंटरव्ह्यूमध्ये नजरेला नजर देऊन बोलता येत नाही, बॉडी लँग्वेज कशी सुधारावी?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दोन कंपन्यांनी 'कॉन्फिडन्स कमी वाटतो' म्हणून परत पाठवलं, आणि आता कोणी बॉडी लँग्वेजचा क्लास लावायला सांगतंय. हे वाचून गप्प बसवेना. मी चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मुलाखती घ्यायला बसतो, आणि शेजारच्या खुर्चीत आमचे एचआरचे साहेब असतात. या एका विषयावर आमचं आजवर जमलेलं नाही.

साहेबांचं म्हणणं असं की पोरगा दारातून आत येतानाच कळतो. नजर खाली असली की एकतर लपवतोय, नाहीतर त्याला काही येत नाही. अहो, आमच्याकडे मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोललं की 'वर तोंड करून बोलतोस?' हे ऐकायला मिळतं. मास्तरांपुढे हात मागे, मान खाली. लहानपणापासून हे अंगात मुरवायचं आणि मग एसी केबिनमध्ये तिघांसमोर बसवून म्हणायचं, याची देहबोली निगेटिव्ह आहे! मी स्वतः उदगीरकडचा, तेव्हा मी तटस्थ नाही हे धरूनच पुढचं वाचा.

मागे फायनल इन्स्पेक्शनसाठी मुलं घेत होतो. एक पोरगा आला, शर्ट इस्त्रीचा पण एक माप मोठा. खुर्चीच्या कडेवर टेकला, फाइल पोटाशी धरलेली, उत्तरं टेबलाला दिल्यासारखी. साहेबांनी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' टाकलं आणि त्याचं पाठ केलेलं दुसऱ्या वाक्यातच अडकलं. साहेबांनी कागदावर फुली मारली, मला दिसली.

मी खिशातून ग्राइंडिंग झालेली पिन काढली, सोबत ड्रॉइंग आणि 0–25 मिलिमीटरचा साधा मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) दिला. म्हटलं, डाया, म्हणजे व्यास बघ. त्यानं फाइल खाली ठेवली. आधी पिनच्या कडेवरून अंगठा फिरवला, बर, म्हणजे धातूची उरलेली धार, आहे का बघायला. मग मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं रुमालानं पुसली, बंद करून शून्य जुळतंय का पाहिलं. करंगळी फ्रेममध्ये, माप रॅचेटनं, म्हणजे दाब सारखा ठेवणाऱ्या मागच्या मुठीनं. एकदा घेतलं, पिन फिरवून पुन्हा घेतलं. मग ड्रॉइंगकडे पाहिलं, थांबला, आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, यावर हे पास करता येणार नाही. बारा एच-सिक्स आहे, टॉलरन्स अकरा मायक्रॉन. याचा लीस्ट काउंटच दहाचा आहे."

म्हणजे पिनच्या मापात चालणारा फरकच अकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि हे साधन दहाच्या खालचं दाखवतच नाही; मग पास-नापास ठरवणार कशावर? मी तो मायक्रोमीटर मुद्दाम दिला होता. त्याआधी आलेल्या, कडक हात मिळवून 'गुड मॉर्निंग सर' म्हणणाऱ्या मुलांनी त्याच मायक्रोमीटरवर माप घेऊन ठणकावून 'ओके' सांगितलं होतं.

नंतर केबिनमध्ये आमची जुंपली. साहेबांनी नेहमीचं अस्त्र काढलं: संवादात शब्द फक्त 7 टक्के, आवाज 38 आणि देहबोली 55. ट्रेनिंगच्या स्लाइडवर हे आकडे तुम्हीही पाहिले असतील. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांमधून आलेत. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच विचारलं. मुलाखतीचा संबंध नाही, कामाचा तर नाहीच. हे आकडे भावनांबद्दलच्या बोलण्यापुरतेच आहेत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. 93 टक्के अर्थ शब्दांबाहेर असता तर साहेबांनी जपानी ग्राहकाच्या मीटिंगला दुभाषा कशाला बोलावला असता?

क्लासवाले आणखी एक शिकवतात: आत जाण्याआधी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं छाती काढून उभं राहा, कॉन्फिडन्स वाढतो. 2010 च्या ज्या रिसर्च पेपरवर हे उभं आहे, त्याच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच 2016 मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आता आपल्याला वाटत नाही. क्लासची फी मात्र कमी झालेली नाही.

तेव्हा क्लास लावू नका. त्या पैशात एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपला जाऊन हात चालवा. मुलाखतीत तुमच्या प्रोजेक्टवर प्रश्न आला की कागद मागा आणि स्केच काढत बोला. हाताला काम मिळालं की पाय हलायचे थांबतात, नजर कागदावर असली तरी कोणी बोट ठेवत नाही, आणि समोरचे तिघंही आपोआप पुढे वाकतात. बॅग मांडीवर घेऊ नका, खाली ठेवा. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणताना तेवढं वर बघून म्हणा.

हे सगळं शॉप फ्लोअरच्या नोकरीपुरतं आहे. सेल्स, हॉटेल, बँकेचा काउंटर असेल तर हसतमुख चेहरा आणि नजर हेच निम्मं काम, तिथे साहेबांचं बरोबर. व्हिडिओवर मुलाखत असेल तर स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे नको, कॅमेऱ्याकडे बघा. आणि माझ्यासारखा पिन घेऊन बसणारा प्रत्येक पॅनलवर नसतो, हेही खरंच.

तो पोरगा आता आमच्या स्टँडर्ड रूमला आहे, सगळ्या प्लँटच्या गेजचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची साधनं अचूक आहेत का हे तपासणं, त्याच्याकडे. साहेब म्हणतात, तो अपवाद.

एचआर राउंडला डोळ्यांत बघणं जमतच नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघा. फरक कळत नाही. मी साहेबांशी बोलताना कायम तिथेच बघतो, आणि माझ्या अप्रेझलमध्ये ते दरवर्षी 'एक्सलंट आय कॉन्टॅक्ट' लिहितात.