वय ४२, सतत थकवा, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २९० ng/dL आलंय. त्याचं इंजेक्शन सुरू करू का?

एका रिपोर्टवर नका करू. सकाळी लवकर, वेगळ्या दिवशी परत टेस्ट करा, दोन्ही वेळा ३०० च्या खाली आणि लक्षणंही असतील तरच विचार करायचा, अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची गाइडलाइन हेच सांगते. फायदा मुख्यतः सेक्सच्या इच्छेत दिसतो, थकवा जाईलच असं नाही (झोप, शुगर, थायरॉइड आधी बघा). टेस्टोस्टेरॉन घेतल्याने हार्ट अटॅक येईल ही भीती २०२३ च्या ट्रॅव्हर्स ट्रायलने (५,२०० हून जास्त पुरुषांवरची चाचणी) बरीच कमी केली पण त्यातच एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि फुफ्फुसात गुठळ्या थोड्या जास्त निघाल्या, शिवाय रक्त घट्ट होतं म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासत राहावं लागतं. मूल हवं असेल तर मात्र अजिबात नको, बाहेरून घेतलं की शुक्राणू बनणं जवळजवळ बंद होतं, जिमवाले हे सांगत नाहीत.