डॉक्युमेंटेशन नाही म्हणून अडून बसू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबलो. चाकणच्या त्या जुन्या मशीनचा प्रोटोकॉल, म्हणजे ते कॉम्प्युटरशी कुठल्या भाषेत बोलतं ते, कुठेच लिहिलेला नाही, ज्यांनी मशीन विकलं ते मेलला उत्तर देत नाहीत आणि तू तीन आठवडे नुसती पीडीएफ शोधतेयस. आणि शेवटी लिहिलंस, "दादा, मला नेटवर्किंग येतच नाही, हे काम माझं नाही." त्या एका वाक्यासाठी आज बसून लिहितोय.

तुला सांबाची गोष्ट सांगतो. तू ऑफिसात रोज जो शेअर्ड फोल्डर उघडतेस ना, तो लिनक्सच्या सर्व्हरवर आहे, तुझ्या विंडोजला वाटतं समोर दुसरं विंडोजच आहे, आणि ते तसं वाटावं याची सगळी खटपट सांबा करतं.

१९९१चा डिसेंबर, कॅनबेरा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा मुलगा पीएचडी करत होता. त्याला डिजिटल कंपनीचं एक नवीन सॉफ्टवेअर पीसीवर चालवून बघायचं होतं, त्यासाठी त्यांचंच पाथवर्क्स हे नेटवर्कचं सॉफ्टवेअर लागायचं, आणि पाथवर्क्स घेतलं की डिपार्टमेंटच्या सन या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरची डिस्क दिसेनाशी व्हायची, कारण त्याचा सर्व्हर फक्त डिजिटलच्याच मशीनवर चालायचा. याच्या मनात आलं, पीसी आणि डिजिटलचा सर्व्हर एकमेकांशी जे काही बोलतात ते शोधून काढणं इतकं अवघड असेल का? आता नीट वाच, त्याने तोवर एकही नेटवर्क प्रोग्राम लिहिला नव्हता, सॉकेट (प्रोग्रामने नेटवर्कवर बोलायचं दार) म्हणजे काय हेही त्याला माहीत नव्हतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

मग त्याने काय केलं, तर दोघांच्या मधे बसून ऐकणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. आणि मग (हा भाग तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा) टर्बो सीमधे अगदी बारके प्रोग्राम लिहिले, एक फक्त फाइल उघडणार, एक फक्त वाचणार, एक डिरेक्टरी बदलणार. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि वायरवर काय गेलं, काय आलं ते बघायचं. असं करत करत कुठल्या बाइटचा अर्थ काय ते उलगडलं. आठवड्याभरात सनची डिस्क त्याच्या पीसीवर दिसायला लागली, अधूनमधून अडखळत का होईना. त्या कोडमधे कितीतरी आकडे असे होते की खरा सर्व्हर ते पाठवतो म्हणून हाही पाठवायचा, त्यांचा अर्थ त्याला दोन वर्षांनी कळला. तू सगळं कळल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही म्हणून बसली आहेस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

युनिव्हर्सिटीत चार लोकांना दाखवलं तर कोणाला फारसं काही वाटलं नाही. डिजिटलच्या कॅनबेरातल्या माणसाला विचारलं की हे मी वाटलं तर चालेल का, बेकायदेशीर तर नाही ना. (तूही तुझ्या मॅनेजरकडून लेखी परवानगी घे, आधी घे.) १९९२च्या जानेवारीत कोड सगळ्यांसाठी मोकळा केला आणि मग जवळजवळ दोन वर्षं त्याला फारसा हातही लावला नाही. १९९३च्या शेवटी बायकोचा विंडोज पीसी घरच्या लिनक्सला जोडायचा होता, जुना कोड चालवून बघितला तर चालला! तिथून खरं काम सुरू झालं. नावाचंही असंच, आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, मग याने डिक्शनरीच्या फाइलमधे एस, एम, बी (त्या प्रोटोकॉलचं नाव एसएमबी) ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि सांबा सापडलं.

हळूहळू जेरेमी अ‍ॅलिसन, जर्मनीतला फोल्कर लेंडेके अशी माणसं जोडली गेली. सुरुवातीच्या एफएक्यूमधे लिहिलं होतं की अँड्र्यू पैसे मागत नाही, पण कोणी पिझ्झा पाठवला तर त्याला आनंद होतो.

त्यांची पद्धत मला, विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलची माहिती द्यावी म्हणून पुढे झालेल्या भांडणापेक्षा जास्त मोलाची वाटते. ट्रिजेल म्हणायचा, फ्रेंच येत नसेल तर फ्रेंच कॅफेत जाऊन बस, कोण काय मागतंय आणि वेटर काय आणून देतोय ते बघत राहा. पण नुसतं ऐकून भागत नाही, कारण समोरचा जे कधी बोलतच नाही ते कसं कळणार? म्हणून त्यांनी विंडोजच्या सर्व्हरला एकेक नंबरची कमांड पाठवून विचारणारी टूल्स लिहिली. एरर आला तरी कुठला आला ते बघायचं, "हे मला येत नाही" हा एरर वेगळा आणि "येतं, पण तू चुकीचं विचारलंस" हा वेगळा, दुसरा आला की समजायचं इथे दार आहे. आणि त्यांचं लॉकटेस्ट नावाचं टूल तर मला फारच आवडतं, विंडोज आणि सांबा दोघांना त्याच त्या रँडम ऑपरेशन्स पाठवायच्या, उत्तरात फरक पडला की पायऱ्या कमी करत करत नेमक्या दोन-चार पायऱ्यांवर यायचं.

मी हे फार उशिरा शिकलो. एका कॉलेजच्या लॅबमधे विंडोज ९८ची तीस मशीनं सांबाला जोडत होतो, पासवर्ड बरोबर असून लॉगिन होईना. मी कुठेतरी वाचून प्रत्येक मशीनची रजिस्ट्री (विंडोजची आतली सेटिंग्ज) बदलली, रात्री दोनपर्यंत, आणि लॉगिन झालं. महिन्याभराने वायरवर बघितलं तर मुलांचे पासवर्ड उघडे जात होते. विंडोज एन्क्रिप्टेड पासवर्ड पाठवत होतं, सांबाला ते घ्यायला सांगणारी ओळ कॉन्फिगमधे हवी होती. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं वायरवरून जाणारी पॅकेट बघितली असती तर कळलं असतं. त्या मुलांचे पासवर्ड मी महिनाभर उघड्यावर ठेवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि डॉक्युमेंटेशन शेवटी आलं बरं का. युरोपियन कमिशनने २००४ मधे मायक्रोसॉफ्टला माहिती द्यायला सांगितलं, २००७च्या सप्टेंबरमधे कोर्टाने ते कायम केलं, डिसेंबरमधे करार झाला आणि १०,००० युरो भरून कागद मिळाले. पण तोवर सोळा वर्षं झाली होती, २००३ मधे सांबाचं ३.० आलेलं होतं, जगभर सर्व्हर चालत होते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा स्वतःचा डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा विंडोज पद्धतीचा मुख्य सर्व्हर) असलेलं ४.० डिसेंबर २०१२ मधे आलं, त्याला या कागदांची मदत नक्की झाली, पण टेस्ट लिहिणं काही थांबलं नाही.

तर आता पीडीएफ शोधणं बंद कर. परवानगी मिळाली की वायरशार्क (वायरवरून काय जातंय ते टिपणारा प्रोग्राम) लाव, मशीनवर काम चालू असताना नको, शिफ्ट संपल्यावर. पहिल्या कॅप्चरमधे त्यांच्याच सॉफ्टवेअरने तापमान फक्त एकदा वाच, दुसऱ्यात दोनदा, बाकी कशालाही हात लावू नकोस. दोन्ही फाइल मला पाठव, रविवारी सकाळी मी घरीच आहे, कॉल लावून शेजारी शेजारी ठेवून बघू.

तुझा,
दादा