पोर्तुगीज शिकायची तर पोर्तुगालची शिकावी की ब्राझीलची? मराठी माणसाला ती किती दिवसांत येते?

किती दिवसांत येईल, हे तुमच्या चिकाटीवर आहे. मला दोन वर्षे लागली. मात्र कुठली शिकावी, यावरून माझे पणजीतल्या माझ्या सरांशी जुने भांडण आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

सरांच्या मते लिस्बनची तीच खरी पोर्तुगीज आणि ब्राझीलची म्हणजे तिचा बिघडलेला अवतार. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही ब्राझीलमधल्या साओ पाउलोला राहायला गेलो आणि मी तिथल्या एका संस्थेत पुढच्या वर्गाची चौकशी करायला गेले. शुल्कासाठी सरांनी शिकवलेला शब्द होता ‘प्रोपिना’. पोर्तुगालमधली विद्यापीठे तोच वापरतात. खिडकीपाशी उभी राहून, घोटून घेतलेल्या उच्चारांत, प्रवेशासाठी प्रोपिना किती द्यावी लागेल, असे मी विचारले. खिडकीतल्या बाईंनी हातातले पेन खाली ठेवले, मागे बसलेल्या साहेबांकडे पाहिले आणि मला पुन्हा बोलायला सांगितले. तेव्हा ऐकू आले नसेल असे समजून मी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटले. ब्राझीलमध्ये प्रोपिना म्हणजे लाच. रांगेतला एक मुलगा खो खो हसला आणि त्याने बाईंना उलगडा केला, म्हणून निभावले. त्या रात्री फोनवर सर म्हणाले, “शब्द आपलाच बरोबर आहे, चूक त्यांची.”

एक कोटीच्या आसपास वस्ती असलेल्या पोर्तुगालच्या वतीने वीस कोटींहून अधिक ब्राझीलवासीयांची भाषा तपासायला बसणे, हे मला सदाशिव पेठेने नागपूरकरांना ‘करून राहिलो’वरून टोकण्यासारखे वाटते. १९९० च्या लेखनविषयक करारानंतर खुद्द पोर्तुगालने शब्दांतली उच्चारात नसलेली कित्येक अक्षरे सोडली, जी ब्राझीलने आधीच टाकून दिली होती. सरांच्या वर्गात मात्र ती आम्ही इमानाने गिरवत होतो. पोर्तुगीज चालणाऱ्या अंगोला आणि मोझांबिक या आफ्रिकी देशांचे तर त्या दोन वर्षांत नावही निघाले नाही.

तेव्हा ब्राझीलची शिका. चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आले, म्हणून ती सोपी जाईल, असे समजू नका. क्रियापदांची रूपे पाठ करताना त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादो’ आणि बाईने ‘ओब्रिगादा’ का म्हणायचे, एवढे मात्र ‘येतो-येते’ म्हणणाऱ्या आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात लिस्बनला शिकायला जायचे असेल, परक्यांसाठी असलेली तिथली सिप्ले ही पोर्तुगीजची परीक्षा द्यायची असेल किंवा मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, नोकरी धरायची असेल, तर सरांचीच पोर्तुगीज घ्यावी, हे मला मान्य करावे लागेल. पण ब्राझीलची शिकून लिस्बनला गेलात, तरी तुमचे बोलणे तिथे समजेल, कारण ब्राझीलच्या मालिका पोर्तुगालमध्ये १९७७ पासून घरोघरी पाहिल्या जातात. स्वर गिळून बोलणाऱ्या लिस्बनकरांचे बोलणे समजायला तुम्हालाच काही दिवस लागतील. हे मी सरांना पत्राने कळवले होते. त्यांनी पत्रातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने दाखवून ते परत पाठवले.