पंधरा जणांची घाई करू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात बरोक संगीताचा, म्हणजे साधारण 1600 ते 1750 च्या युरोपीय संगीताचा, वाद्यवृंद उभा करायचा, तोही त्या काळच्या वाद्यांवर, आणि येत्या डिसेंबरात पंधरा वादकांचा पहिला कार्यक्रम करायचा, असं तू लिहिलं आहेस. मला मनापासून आनंद झाला. डिसेंबर मात्र सोडून दे, आणि पंधराचा आकडाही. चौघं पुरेत. हॉल कुठला, तिकीट किती, हे इतक्यात ठरवूच नकोस.

असं का म्हणतो ते सांगतो. व्हिएन्नात 1953 मध्ये निकोलाउस हार्नोनकूर आणि त्यांच्या पत्नी आलिस यांनी कॉन्सेन्टुस म्युझिकुस हा वाद्यवृंद सुरू केला. आज जगभर जुन्या वाद्यांवर वाजवणारे जे वृंद दिसतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी याच मंडळींना ऐकून उमेद बांधली. या वृंदाची पहिली जाहीर मैफल झाली 1957 मध्ये. मधली चार वर्षं त्यांनी फक्त तालमी केल्या, जुनी वाद्यं शोधली, जुने ग्रंथ वाचले. हार्नोनकूर तेव्हा व्हिएन्ना सिम्फनीत चेलो वाजवून पोट भरत होते, त्यांचे साथीदारही बरेचसे तिथलेच. दिवसा मोठ्या वृंदात ब्राम्स आणि ब्रुकनर वाजवायचे आणि उरलेल्या वेळात आतड्याच्या तारांशी झगडायचे. ती नोकरी त्यांनी सोडली 1969 मध्ये. तोवर बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंचं त्यांचं ध्वनिमुद्रण बाजारात येऊन काही वर्षं झाली होती. म्हणून शाळेतली शिकवणी सोडण्याचा विचार तू मनातून काढून टाक. पगार हाताशी असला की तालीम लांबवायची हिंमत राहते. तो नसला की पुढच्या लग्नातल्या वादनाची सुपारी घ्यावी लागते.

चार वर्षं ते नेमकं काय करत होते, हे तुला गज हातात घेतल्यावर कळेल. आपण आज वापरतो तो गज फ्रान्स्वा तूर्त यांच्या हातून 18व्या शतकाच्या अखेरीस घडला. त्याची काठी आत वाकलेली असते आणि मुठीपासून टोकापर्यंत सारखा आवाज काढता यावा अशी त्याची घडण असते. बरोक गज आखूड, काठी सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली, टोक हलकं. खाली ओढलास की सुरुवातीला वजन मिळतं आणि टोकाकडे जाता जाता ते आपोआप विरतं. वर ढकललास की स्वर मुळातच नाजूक येतो. लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1756 च्या त्यांच्या व्हायोलिनच्या ग्रंथात लिहिलंय की प्रत्येक स्वराच्या आरंभी जेमतेम ऐकू येईल असा हळुवारपणा असतो. नेहमीच्या गजाने हे साधायला मुद्दाम जपावं लागतं. बरोक गज तुझ्याकडून ते करूनच घेतो. चार स्वर वाजवलेस तर ते बोललेल्या चार अक्षरांसारखे येतात, एक जड, एक हलकं, पुन्हा जड. आता विचार कर, पंधरा जणांना हे एकाच श्वासात करायचंय, आणि प्रत्येकाच्या मनगटात पंधरा-वीस वर्षांची दुसरीच सवय मुरलेली आहे. चौघांत ती मोडता येते. पंधरांत, डिसेंबरपर्यंत, नाही मोडणार.

म्हणूनच खर्च करायचाच असेल तर आधी गज घे. वाद्य आहे तेच राहू दे. स्ट्राडिव्हारीची बहुतेक व्हायोलिनंसुद्धा 19व्या शतकात उघडून, मान बदलून, आतून चिकटवलेली लाकडी पट्टी जाड करून नव्या गरजेला जुळवलेली आहेत. तुझ्या जर्मन फॅक्टरीतल्या व्हायोलिनने लाजायचं कारण नाही. व्हायोलिनवर हनुवटी टेकायची पट्टी काढून ठेव. ती 1820 च्या सुमारास आली, आणि ती नसली की डावा हात वर-खाली पळवण्याआधी तू दोनदा विचार करशील. मग तारा बदल.

तारांचं प्रकरण आपल्या हवेत अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आतड्याची तात दमट हवेत ओलावा पिते आणि सूर हलतो. जुलैत तुमचा तालमीचा पहिला अर्धा तास खुंट्या पिळण्यात जाईल आणि वरची तार ऐन वेळी तुटेल. याला घाबरू नकोस. आपल्याकडे सारंगीच्या तीन मुख्य तारा तातेच्याच असतात, आणि सारंगीवाले आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळत आलेत. पुण्यात एखादा सारंगीवादक गाठ आणि तात कशी निवडायची, कशी ठेवायची, कधी फेकायची, हे त्याच्याकडून शिकून घे.

आणखी एका बाबतीत तुझी मंडळी नशीबवान आहेत. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य, आजच्या पियानोसारखा समान अंतरांवर लावला तर त्याचा गंधार किंचित चढा राहतो आणि कानाला खुपतो. त्या काळी प्रचारात असलेल्या एका पद्धतीत शुद्ध गंधार अगदी नैसर्गिक जागी बसतो, तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडता ऐकू येतो ना, तिथेच. तंबोऱ्यापुढे बसलेल्या कानाला ही जागा ओळखीची असते. हार्पसिकॉर्ड मिळेपर्यंत चांगला डिजिटल कीबोर्ड चालेल. त्यावर हार्पसिकॉर्डचा आवाज बहुधा असतोच, आणि बऱ्याच कीबोर्डांत पट्टी 415 हर्ट्झला उतरवता येते, म्हणजे आजच्या 440 पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. 415 हा आकडा पवित्र मानू नकोस. तो आजच्या वादकांनी सोयीसाठी केलेला ठराव आहे. त्या काळी गावोगावी पट्टी वेगळी होती, आणि फ्रेंच संगीतासाठी आज बरेचजण 392 पर्यंत खाली उतरतात.

तर चौघं म्हणजे दोन व्हायोलिन, एक चेलो आणि कीबोर्ड. संगीत इटालियन संगीतकार कोरेल्लींचं घ्या, 1689 च्या ओपस 3 या संग्रहातले ट्रिओ सोनाटा, म्हणजे वर व्हायोलिनच्या दोन ओळी आणि खाली एक, जी चेलो आणि कीबोर्ड मिळून वाजवतात. पहिले काही आठवडे व्हायोलिनं पेटीतच राहू देत. चेलो आणि कीबोर्डने नुसती खालची ओळ वाजवायची, आणि तुम्ही दोघींनी बसून ऐकायची. त्या ओळीसोबत लिहिलेले आकडे पाहून कीबोर्डवाल्याने स्वरसंघ स्वतः भरायचे असतात, म्हणजे दर वेळी थोडं वेगळं वाजणार. या संगीताची सगळी हालचाल तिथून निघते. ती खालची जोडी एकजीव झाली नाही तर वर कितीही व्हायोलिनं वाढव, नुसता गलका होईल.

वाढ नंतर येते आणि ती संगीताच्या मागणीने येते. कॉन्सेन्टुसने 1971 मध्ये आम्सटरडॅमच्या गुस्टाफ लेओनहार्ट यांच्यासोबत बाखचे चर्च कंटाटा, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचना, ध्वनिमुद्रणासाठी वाटून घेतले. सुमारे दोनशे रचना, आणि मुद्रण संपेपर्यंत 1980 चं दशक सरत आलं. कंटाटाला तुतारी हवी असेल तर तुतारीवाला शोधायचा. तीही व्हॉल्व्ह नसलेली, नुसत्या ओठांवर चालणारी. त्यातली सुरुवातीची मुद्रणं मुद्दाम ऐक. ओबो ही फुंकून वाजवायची वाद्यं डगमगतात, शिंगांचे स्वर निसटतात, गाणाऱ्या मुलांचा दम कुठे कुठे कमी पडतो. आणि तरी एकेका ओळीत असा अर्थ उमटतो की मी आजही ऐकता ऐकता थांबतो. चकचकीत वाजवणारे वृंद नंतर पुष्कळ आले. मला त्या खरबरीत मुद्रणांतलं धाडस जास्त प्रिय आहे, आणि तुझ्या मंडळींनी तेच आधी ऐकावं असं वाटतं.

प्रमुख कोण, हा तुमच्यात आत्ताच वाद झालाय असं तुझ्या पत्रावरून दिसतं. हार्नोनकूर बरीच वर्षं चेलो वाजवता वाजवताच वृंद चालवत होते. टोरोंटोच्या टाफेलम्युझिकला जीन लॅमन यांनी 1981 ते 2014 व्हायोलिनच्या खुर्चीवरूनच पुढे नेलं. तोच वृंद 2009 मध्ये, खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, गॅलिलिओवरचा आख्खा कार्यक्रम समोर कागद न ठेवता वाजवायला उभा राहिला. लंडनचा ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट तर 1986 मध्ये वादकांनीच काढला आणि आपला कारभार आपल्याच हाती ठेवला. तुम्ही चौघं असताना प्रमुख लागत नाही. सुरुवातीची खूण म्हणून श्वास कोण देतं एवढं ठरवा, आणि दर सोनाटाला ते माणूस बदला.

गज मागवलास की कळव. तोवर ओपस 3 मधल्या कुठल्याही एका सोनाटाची खालची ओळ चेलो आणि कीबोर्डवर वाजवून मोबाइलवर टिपून पाठव. नेहमीच्या गजाने, नेहमीच्या पट्टीत वाजवलीत तरी चालेल. ऐकून सविस्तर लिहीन.

तुझे,
सर