आठवीच्या मुलांना गडावर नेतोय. निसर्गाची हानी कमीत कमी करायला त्यांना कसं शिकवू?

आदल्या दिवशी शाळेतच डबे भरून घ्या. बिस्किटं-चिवडा पुड्यांतून काढून डब्यात टाकला की वरती कचराच होत नाही. संत्र्याची सालं ‘कुजतात’ म्हणून मुलं टाकतात; त्या सालांना माकडं सोकावतात आणि पुढे पिशव्या हिसकावू लागतात. सालंही परत आणायची.

सगळ्यात जास्त वेळ शौचाच्या विषयाला द्या, कारण लाजेपोटी तोच राहून जातो. शक्यतो पायथ्याच्या गावातच उरकायला सांगा. वर गरज पडलीच तर पाण्याचं टाकं, ओढा आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब, खुरप्याने १५-२० सेंटीमीटर खड्डा, नंतर माती. ६० मीटर म्हणजे आपली किती पावलं, हे मैदानावर प्रत्येकाला मोजायला लावा. नुसतं सांगून अंदाज येत नाही. कातळावर माती पातळ असते, तिथे खड्डा होतच नाही, म्हणून जागा आधी तुम्ही हेरा. टाक्यात पाय किंवा साबण अजिबात नको, ते पिण्याचं पाणी आहे.

पावसाळ्यात चिखल चुकवायला मुलं कडेच्या गवतावरून जातात, वाट रुंदावते आणि माती वाहून जाते. एका रांगेत, चिखलातूनच चालवा.