पाण्याकाठी : हौद उपसण्याआधी मला लिहा

उन्हाळा चढला की माझ्याकडे पत्रांचा ओघ वाढतो, आणि निम्म्या पत्रांत एकच रड असते. म्हणून या वेळी सुरुवात तिथूनच करते.

ताई, आमचा हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल आहे. दोन वॉटरलिली आणि नऊ गोल्डफिश आहेत. ऊन वाढल्यापासून पाणी हिरवंगार होतंय. या महिन्यात तीन वेळा पूर्ण उपसून, ब्रशने घासून, नवं पाणी भरलं. आठवड्यात पुन्हा तेच! आणखी किती घासू?

घासणं थांबवा. तुमच्या हौदाचा आजार तुमच्या ब्रशमध्येच आहे.

आधी हिशोब करू. 8 गुणिले 5 गुणिले पावणेदोन म्हणजे 70 घनफूट. घनफुटाला साधारण 28 लिटर धरले तर हौद झाला जवळपास 2,000 लिटरचा. हा आकडा हौदाच्या कडेला रंगाने लिहूनच ठेवा. कुठलंही औषध घालायची वेळ आली की तोच लागतो आणि नेमका तेव्हाच कुणाला आठवत नाही.

पाणी हिरवं करणारं शैवाल डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक, एकेका पेशीचं असतं. त्याला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन वरून येतं आणि खत मासे देतात. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. जुन्या हौदात एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट झाडं खातात. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. भिंतीवर बोट फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, त्यात त्यांचं घर असतं. तोच थर तुम्ही महिन्यात तीनदा खरवडून काढलात. तो नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. थोडक्यात, तुमचा हौद वर्षानुवर्षांचा असला तरी वयाने कायम दहा दिवसांचाच आहे. शैवालाला मात्र असलं काही लागत नाही. ऊन आणि खत मिळालं की ते आठवड्यात हजर.

आता काय करायचं? जवळजवळ काहीच नाही, आणि हेच लोकांना जमत नाही. पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पानांनी झाकला जाईल एवढी लिली वाढू द्या. तोवर एका बाजूला बांबूची चटई टाकून सावली करा. माशांना दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत फस्त होईल इतकंच खाणं टाका. आठवड्यातून एकदा तळाचा गाळ नळीने ओढून घ्या. त्याबरोबर हौदातलं दहावा हिस्सा पाणी जाईल, तेवढंच भरा. फिल्टर असेल तर त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळा.

पाणी सुधारतंय की नाही ते माझ्या पद्धतीने बघा. बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. बोटांची नखं दिसली तर पाणी उत्तम. नुसती बोटं दिसली तर वाट बघा. मनगटच दिसेनासं झालं तर सावली वाढवा. भिंतीवरची मखमली हिरवळ खरवडू नका, तीही पाण्यातलं खत खातेच. केसांसारखं लांब शेवाळ मात्र काढा. खडबडीत काठीवर शेवया गुंडाळतात तसं गुंडाळलं की अख्खा पुंजका हाताशी येतो.

एका दिवसात पाणी स्वच्छ करणारी, तांबं असलेली औषधं मी वापरत नाही. सगळं शैवाल एकदम मरतं, कुजायला लागतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. शिवाय तांबं गोगलगायींना मारतं आणि माशांनाही सोसत नाही.

संध्याकाळी सगळे मासे धडधाकट होते. सकाळी सहाला बघतो तर चार मेलेले, तेही सगळ्यात मोठे. बाकीचे वर येऊन तोंड वासत होते. कुणी विष घातलं असेल का? आमच्याकडे कारंजं आहे, पण रात्री बंद ठेवतो.

विषाचा संशय मनातून काढून टाका. तुमच्या पत्रातच दोन पुरावे आहेत. आधी मोठे मासे गेले, आणि पहाटे गेले.

20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशाला तोच साडेसातवर येतो. म्हणजे माशांची भूक आणि धावपळ वाढते त्याच दिवसांत हवा कमी. त्यात झाडं आणि शैवाल दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तीही माशांसारखीच तो घेतात. रात्रभर साठा उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळ गाठतो. मोठ्या माशाची गरज मोठी, म्हणून पहिला तोच जातो.

तेव्हा कारंजं रात्री चालू ठेवा, दिवसा बंद केलंत तरी चालेल. बहुतेक घरांत नेमकं उलट असतं, कारण कारंजं आपण आपल्यासाठी लावतो. फक्त त्याचे तुषार लिलीच्या पानांवर पडू देऊ नका. तिला पानं सतत भिजलेली आवडत नाहीत, ती झुरते. मासे वर येऊन तोंड वासताना दिसले आणि हाताशी काहीच नसलं, तर हौदाचंच पाणी तांब्याने उचलून हातभर उंचीवरून धार धरून ओतत राहा, अर्धा तास. मी केलंय, खांदा भरून येतो, पण मासे वाचतात.

आणि आता स्वतःची गोष्ट सांगते, कारण घाबरून जे बहुतेक जण करतात तेच मी केलं होतं. अशाच एका पहाटे मी नळाचा पाइप हौदात सोडला, तेवढ्यात फोन वाजला आणि बोलत बसले. परत आले तेव्हा हौद काठोकाठ भरला होता. दुपारपर्यंत सात मासे गेले. त्यात शेपटीवर पांढरा ठिपका असलेला एक जुना नारिंगी मासा होता, बोट पाण्यात घातलं की येऊन चोखायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांच्या कल्ल्यांना भाजून गेलं. तेव्हापासून पाइप सोडला की मी हौदाच्या कट्ट्यावरून उठत नाही, फोन वाजो नाहीतर दार वाजो. दहावा हिस्सा पाणी भरायला हरकत नाही. त्याहून जास्त भरायचं असेल तर पाणी पसरट टबात एक दिवस उघडं ठेवा, क्लोरिन उडून जातं. तुमच्याकडे पाण्यात क्लोरामाइन घालत असतील तर ते असं उडत नाही, त्यासाठी मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारं क्लोरिन मारायचं औषध वापरावं लागतं.

हौदातलं पाणी रोज बोटभर उतरतंय. उन्हाने आटतंय की हौद गळतोय, हे कसं ओळखायचं?

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण उगाच म्हणत नाही! पण आधी बादलीला विचारा. बादली हौदाच्याच पाण्याने भरा आणि हौदाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवा. हलू नये म्हणून आत एक वीट टाका. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा, तशीच हौदाच्या भिंतीवर करा. दोन दिवस वरून पाणी घालू नका. दोन्ही खुणांखाली पाणी सारखंच उतरलं तर ऊन आणि वारा. हौदाचं जास्त उतरलं तर गळती. हाच प्रयोग एकदा पंप बंद ठेवून करा. पंप बंद असताना पाणी टिकलं, तर हौद चांगला आहे, नळी किंवा धबधबा गळतोय. पाणी उतरत उतरत एका ठिकाणी थांबत असेल तर भोक त्याच रेषेत शोधा.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या हौदात एक चोर हमखास सुटतो. काठावरच्या गवताची मुळं अस्तरावरून आत उतरतात आणि दिव्याच्या वातीसारखं पाणी बाहेर ओढतात. गवत काठापासून चार बोटं मागे कापा.

पावसाळ्याआधी काय तयारी करावी?

काठ जमिनीपेक्षा चार बोटं उंच हवा, म्हणजे अंगणातली माती आणि बागेतलं खत वाहून आत येणार नाही. जादा पाणी जायला वाट ठेवा आणि तिला जाळी लावा, नाहीतर पाण्याबरोबर मासेही जातात. पावसाचं पाणी फार मऊ असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. झडीच्या दिवसांत हौदाचा सामू (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, पीएच) त्यामुळे झपकन घसरू शकतो. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पंपाजवळ टांगून ठेवा. पाणी आंबट होऊ लागलं की तो लागेल तेवढा विरघळतो. पंपाच्या वायरीला 30 मिलिअँपिअर विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. आणि हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

काकू, शेजारी म्हणतात तुमच्या हौदामुळे डास झाले. हौद बुजवू का?

अजिबात नको. माशांच्या हौदात डासांची अळी जगतेच कशी, हे मला एकदा बघायचंय. उबदार दिवसांत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत सात ते दहा दिवस लागतात, आणि मासे असतील तर एवढी सवलत तिला मिळत नाही. चतुराची पिल्लंही पाण्यातच वाढतात आणि अळ्यांवरच जगतात, म्हणून चतुर घिरट्या घालताना दिसला की मला बरं वाटतं. ज्या टाक्यात मासे नाहीत तिथे बीटीआय या जिवाणूची वडी टाका. 1976 साली नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात अळ्या आपोआप मरताना दिसल्या, तिथे हा सापडला. मासे, बेडूक यांना त्याचा त्रास नाही.

मात्र गप्पी किंवा गंबुशिया मासे जास्त झाले म्हणून ओढ्यात, तळ्यात सोडू नका. तिथल्या माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं ते खाऊन टाकतात. जलपर्णीचंही तेच. जास्त झाली की काढून उन्हात वाळवा आणि खताच्या खड्ड्यात घाला.

आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांखालच्या बशा एकदा गोडीत बघून या.

थंडीत कमळाची सगळी पानं करपून गेली. कुंडी फेकून द्यावी का?

हात लावू नका! ते झोपलंय. कमळ थंडीत वरचा संसार आवरतं आणि चिखलातल्या कंदात जाऊन बसतं. वाळलेले देठ कापायचेच तर पाण्याच्या पातळीच्या वर कापा. देठ आतून पोकळ असतात, पाण्याखाली कापले तर त्या नळ्यांतून पाणी कंदात शिरून तो कुजू शकतो. ऊब परतली की कुंडी बदला. चिकण माती घ्या, शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत त्यात मिसळू नका, ते कुजून पाणी नासवतं. कंदाचं टोक केळीच्या कोंबासारखं कोवळं असतं आणि जरा धक्का लागला तरी मोडतं. ते मोडलं की त्या बाजूची वाढ खुंटते. म्हणून कंद आडवा ठेवा, टोक मातीबाहेर राहू द्या.

कमळाच्या चिवटपणाबद्दल सांगायचं तर, चीनच्या ईशान्येला एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं, जवळजवळ 1,300 वर्षांचं बी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं आहे. तुमची कुंडी तर एका थंडीचीच झोपलेली आहे. (तुम्ही स्वतः बी लावणार असाल तर त्याच्या बोथट टोकाला कानस मारून आतला पांढरा भाग जेमतेम दिसेल इतपत कवच झिजवा. कवचातून पाणी आत जात नाही, म्हणूनच ते एवढं टिकतं.)

आमच्याकडे पाणी गोठतं. बर्फ फोडावा का?

फोडू नका. हातोड्याचा दणका पाण्यातून थेट माशांपर्यंत पोचतो. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवून एक भोक पाडा, आत साठलेला वायू निघून जाईल. पाणी 4 अंशाला सर्वांत जड असतं, त्यामुळे बर्फाखालीही तळ उबदार राहतो आणि मासे तिथे बसून असतात. पाणी 10 अंशाच्या खाली गेलं की गोल्डफिशला खायला घालू नका, त्यांना ते पचत नाही.

तुम्ही स्वतः हौद कधी उपसता?

तीन वर्षांतून एकदा, थंडी सरता सरता, आणि तोही अर्धाच. जुनं पाणी टबांत भरून ठेवते, मासे त्यातच राहतात. लिलीचा कंद फाळून दोन तुकडे ठेवते, बाकीचे वाटून टाकते. तळाचा गाळ काढला की तो लगेच उचलत नाही, हौदाच्या काठावर रात्रभर राहू देते. अंधार पडला की टॉर्च घेऊन बसते. गोगलगायी, चतुराची पिल्लं, कधी एखादा छोटा बेडूक गाळातून बाहेर येतात आणि सरपटत पाण्यात उतरतात. सकाळी उरलेला गाळ गुलाबाच्या आळ्यात टाकते.