झडपेची गोळी आणि जुलाबाचं औषध

प्रश्न : माझ्या आईचं वय ५८. हृदयाची मायट्रल झडप खराब झाल्यामुळे काही वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. गेल्या महिन्यात जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर काळेनिळे डाग दिसले. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा; जितका जास्त, तितकं रक्त पातळ) ६.४ निघाला. डॉक्टरांनी अ‍ॅसिट्रॉम दोन दिवस थांबवून पुन्हा सुरू केली. आता ठीक आहे, पण आम्ही घाबरलोय. यापुढे आईला अँटिबायोटिक द्यायचंच नाही का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, रक्त दिसताच तुम्ही तपासणी केलीत, हे फार बरं केलंत. आणि अँटिबायोटिक द्यायचंच नाही, असं मुळीच नाही. धातूच्या झडपेवर जंतू बसले तर ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे खरा जंतुसंसर्ग असेल तिथे आईला औषध मिळालंच पाहिजे. दात काढायचा असेल तर अशा रुग्णांना आधी अर्धा-एक तास अमॉक्सिसिलिनचा मोठा डोस मुद्दाम दिला जातो. मात्र साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, ओआरएस पुरतं. आपल्याकडे मेडिकलमधून ही जोडगोळी सर्रास दिली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आत काय घडलं ते सांगते. रक्त गोठवणारे काही घटक यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीनं बनवतं. अ‍ॅसिट्रॉम नेमकी तिथे आडवी येते. काम झाल्यावर या गोळीचा निचराही यकृतच करतं, एका ठरावीक एन्झाइमच्या जोरावर. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ही औषधं त्या एन्झाइमलाच अडवतात. ऑर्निडाझोल मेट्रोनिडाझोलच्याच घरातलं. गोळी तेवढीच घेतली, तरी अंगात ती जास्त साचते. शिवाय आतड्यातले काही जंतू थोडं व्हिटॅमिन के तयार करतात, तेही अँटिबायोटिकनं मरतात.

आणि एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही. जुलाबात आईनं चार दिवस काय खाल्लं? बहुधा पेज, ताक-भात. पालेभाजीचं पान पोटात नाही, म्हणजे व्हिटॅमिन केही नाही. नुसता ताप आणि उपासमार एवढ्यावरही आयएनआर चढतो. अ‍ॅसिट्रॉम सुरू झाली की लोक मेथी-पालक कायमचे बंद करतात. तसं करू नका. भाजी खावी, फक्त दर आठवड्याला साधारण सारखी खावी.

रक्त चौथ्या दिवशीच का दिसलं? आधी बनलेले घटक रक्तात दोन-तीन दिवस टिकतात, ते संपत आले की परिणाम दिसतो. म्हणून माझा आग्रह असा : अँटिबायोटिक सुरू झालं त्याच दिवशी अ‍ॅसिट्रॉम देणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करायचा, आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा एकदा. ही दुसरी तपासणी बहुतेकांकडून राहते. कोर्समध्ये अ‍ॅसिट्रॉम कमी केलेली असते, अँटिबायोटिक संपतं, आयएनआर खाली येतो आणि डोस मात्र कमीच राहतो. मायट्रलच्या धातूच्या झडपेला आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. तो घसरला तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून रक्त दिसलं तरी गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, किती डोस थांबवायचे ते त्यांनी सांगायचं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, जोराचं डोकं दुखून उलटी झाली, किंवा डोक्यावर आपटून पडल्या, तर फोनही करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

क्षयावरचं रिफाम्पिसिन मात्र बरोबर उलटं वागतं. ते अ‍ॅसिट्रॉमचा निचरा वाढवतं आणि आयएनआर पाडतं. ते बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात.

गावात ताप आला की कमरेत सुई देतात. तुमच्या आईला ती नको, स्नायूत रक्त साकळतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनही नको. पॅरासिटामॉल चालेल, पण रोज भरपूर आणि बरेच दिवस नाही. तोंड आलं म्हणून मायकोनाझोलचं जेल लावतात. ते वरून लावायचं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्यानंही आयएनआर खूप चढतो.

माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण पिशवीतून कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे काढतात. नाव असलेला भाग दुकानातच राहिलेला. आईसाठी अख्खी स्ट्रिप घ्या. पर्समध्ये जाड कागदावर ठळक लिहून ठेवा : ‘धातूची झडप, अ‍ॅसिट्रॉम चालू’, आणि मागे आयएनआरच्या तारखा आणि आकडे. दातांचे, डोळ्यांचे, आयुर्वेदाचे, कुठलेही डॉक्टर असोत, खुर्चीत बसल्याबरोबर आधी तो कागद पुढे करायचा.

प्रश्न : हृदयाचे ठोके अनियमित असल्यानं वडील एपिक्साबान ही रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी घेतात. त्याला आयएनआर लागत नाही, मग अँटिबायोटिक बिनधास्त चालेल? वरच्यासारख्या रुग्णांनाही हीच गोळी का देत नाहीत? – एक वाचक, पुणे

उत्तर : मेट्रोनिडाझोलचा धोका इथे बराच कमी, पण बिनधास्त नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनं एपिक्साबानची रक्तातली पातळी वाढते, रिफाम्पिसिननं इतकी उतरते की दोन्ही एकत्र देणं टाळतात. वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वर्षातून निदान एकदा बघा, आजारपणात लवकर. धातूच्या झडपेला मात्र ही नवी औषधं चालत नाहीत. त्यांतलंच डाबिगाट्रान अशा रुग्णांत वापरून पाहिलं होतं. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला होता. त्यामुळे झडपवाल्यांनी कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅसिट्रॉम बदलू नये.